खडूतली उघडी गर्दी आणि रंगवलेली चार डोकी

रिमझिम_ल्यों
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचन चालू होतं, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

डिसेंबरात आई आली होती सांगलीहून. ल्योंच्या थंडीत घरात बसून करायचं काय म्हणून दोन दिवस पॅरिसला गेलो आणि लुव्रमध्ये दाविदचं प्रदर्शन लागलेलं ते बघितलं. झाक-लुई दाविद, १८२५ ला ब्रसेल्समध्ये वारला, २०० वर्षं झाली म्हणून. आईला चित्रांचं तसं काही नाही पण येते बरोबर, पाय दुखले की बाक शोधते. टबात मेलेल्या मारा नावाच्या क्रांतिकारकाच्या चित्रासमोर दोन मिनिटं थांबली, "अंघोळ करणाऱ्या माणसाला मारलं?" म्हणाली आणि पुढे. मग एका ठिकाणी एकदम थबकली आणि माझा दंड धरून हळूच म्हणते, "अगं यांचे कपडे कुठायत?"

समोर भिंतभर कॅनव्हास, साडेतीन मीटर उंच नि साडेसहा मीटर रुंद, आणि त्यावर गर्दीचं ड्रॉइंग. काळ्या खडूनं काढलेले बाप्ये, उघडेनागडे, मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू नीट दाखवलेले, मधूनमधून पांढरा खडू, कुठे तपकिरी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात. आणि ह्या सगळ्या खडूच्या गर्दीत फक्त चार डोकी तेलरंगात रंगवलेली. जिवंत माणसाच्या कातडीचा रंग, केस, डोळे, सगळं. मानेखाली परत खडू. मी सांगते, त्या डोक्यांकडे बघून पोटात काहीतरी झालं माझ्या.

चित्र म्हणजे 'टेनिस कोर्टवरची शपथ', २० जून १७८९, व्हर्साय. त्या कॅनव्हासवर दाविदनं १७९१-९२ मध्ये काम केलं आणि मग सोडून दिलं. माझे प्रश्न दोनच. उघडी का काढली, आणि सोडून का दिलं? पाटीवर लिहिलेलं होतं थोडं पण आई बाकाच्या शोधात निघाली होती, त्यामुळे अर्धंच वाचून झालं.

नववी_ब
अरे हे तर लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे! सीबीएसई नववी, फ्रेंच राज्यक्रांतीचा पहिलाच धडा. पण त्यात सगळ्यांना कपडे आहेत :) मधे एकजण टेबलावर चढून हात वर करून वाचतोय आणि सगळे त्याच्याकडे हात करून उभे. खाली लिहिलंय की मोठ्या पेंटिंगसाठी केलेलं कच्चं रेखाटन. मला वाटलं पुढे पेंटिंग झालं असेल. झालंच नाही?

शंकासुर
नाही झालं. आणि अर्धवट कामाचं एवढं कौतुक मला तरी कळत नाही. आपल्याकडे एखाद्यानं भिंत अर्धी रंगवून सोडली तर त्याचे पैसे कापतात. बाकी चारकोल किंवा कॉन्टे वापरला असणार, खडू कुठून आला.

जुनी_वही
@नववी_ब, पुस्तकातलं ते वेगळं चित्र. ते पेन नि शाईचं, वर वॉश, कागदावर, एक मीटर बाय ६६ सेंमी. १७९१ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, दाविदनं ते लोकांना दाखवलं. रिमझिमनं बघितला तो त्यावरून करायला घेतलेला मोठा कॅनव्हास, आणि तोही पूर्ण नाही, उरलेला तुकडा आहे. दोन्ही एरवी व्हर्सायला असतात.

सविस्तर रात्री लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

खडूफळा
मी चित्रकला शिक्षक होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझं.

कपडा अंगावर पडतो. अंग चुकलं की कोट खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो, मग तुम्ही त्याला कितीही बटणं काढा. म्हणून आधी उघडं अंग काढायचं, वजन कुठल्या पायावर आहे ते नक्की करायचं, हात खांद्यातून कसा निघतो ते बघायचं, आणि मग त्यावर कपडे चढवायचे. दाविदच्या काळच्या फ्रेंच पोरांना अकादमीत वर्षानुवर्षं हेच करायला लावत, समोर उघडा मॉडेल आणि हातात खडू. त्या ड्रॉइंगला नावच 'अकादेमी' पडलं होतं. तर तुमच्या आईंना सांगा, कपडे यायचे होते, शिंप्याकडून यायच्या आधीच दुकान बंद झालं.

आता खडू. शंकासुरराव, हा फळ्यावरचा खडू नव्हे. जमिनीतून निघणारा मऊ काळा दगड असतो, पाटीच्या दगडाच्या जातीचा, कार्बन भरपूर. तो चिरून कांड्या करायच्या. चारकोल फुंकर मारली तरी उडतो, हा कागदाला किंवा कापडाला धरून राहतो आणि टोक काढलं तर बारीक रेघही देतो. लाल खडू म्हणजे आपला गेरूच, लोहाची माती. पांढरा म्हणजे खरा चॉक, चुनखडीचा. ह्या तिघांवर अख्खं अठरावं शतक फ्रान्सनं काढलं.

आणि कॉन्टे असूच शकत नाही. कॉन्टेचं पेटंट १७९५ चं. इंग्लंडशी लढाई लागली, चांगलं ग्रॅफाइट तिकडून यायचं बंद झालं, म्हणून निकोला-झाक कॉन्टेनं ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली आणि आजची पेन्सिल जन्माला आली. हा कॅनव्हास तोपर्यंत गुंडाळून ठेवला गेला होता.

शंकासुर
कॉन्टेचं मान्य. शब्द मागे घेतो.

रिमझिम_ल्यों
सर, शिंप्याचं आईला वाचून दाखवलं, जाम हसली. म्हणाली सर कोल्हापूरचे का?

खडूफळा
इचलकरंजी.

अजून एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे एलिमेंट्री, इंटरमिजिएटला मेमरी ड्रॉइंगचा पेपर असायचा. विषय ठरलेले, एस.टी. स्टँडवरचं दृश्य, बाजाराचा दिवस. पोरं काय करायची, पुढे तीन माणसं काढायची आणि मागे नुसती अंडी. म्हणजे डोकी हो. ओळीनं अंडी मांडायची, गर्दी झाली. मी लाल पेननं लिहायचो, "मागच्यांना पाय नाहीत का?" दाविदच्या गर्दीत मागच्यालाही पाय आहेत. तो कुठे उभा आहे ते दाविदला माहीत आहे, मग पुढच्या माणसामागे तो झाकला गेला तरी चालतं. हे करायला किती वेळ लागतो याची कल्पना एकदा स्टँडवर वही घेऊन बसल्याशिवाय येत नाही.

पावसाळी_बेडूक
वाचनखूण साठवली. वाचतोय.

जुनी_वही
आले. चहा घेऊन बसलेय, लांबलं तर पुढच्या प्रतिसादावर जा.

१७८९ च्या मेमध्ये सोळाव्या लुईनं व्हर्सायला तिन्ही वर्गांची सभा बोलावली, धर्मगुरू, सरदार आणि बाकीचे सगळे. ते बाकीचे म्हणजे तिसरा वर्ग. मतं माणशी मोजायची की वर्गाप्रमाणे ह्यावर महिनाभर घोळ, शेवटी १७ जूनला तिसऱ्या वर्गानं जाहीर केलं की आम्हीच राष्ट्रसभा. २० तारखेला सकाळी हे लोक आले तर सभागृहाला कुलूप आणि बाहेर शिपाई. वर पाऊस. कुणीतरी, डॉक्टर गियोतँ, हो तोच ज्याचं नाव पुढे मुंडकं उडवायच्या त्या गिलोटिनला चिकटलं, त्यानं सुचवलं की जवळच टेनिस खेळायची बंदिस्त जागा आहे तिथे जाऊ. १६८६ ची इमारत, उंच भिंती, वर खिडक्या, आत सामान काही नाही. तिथे उभ्या उभ्या शपथ घेतली की राज्यघटना झाल्याशिवाय आम्ही पांगणार नाही. अध्यक्ष होता बायी, व्यवसायानं खगोलशास्त्रज्ञ.

दाविद त्या दिवशी तिथे नव्हता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात जॅकोबिन क्लबात, म्हणजे क्रांतिवाद्यांच्या मंडळात, कल्पना निघाली की ह्याचं भव्य चित्र व्हावं, वर्गणी काढून. ३००० वर्गणीदार, प्रत्येकी २४ लिव्र, एकूण ७२,०००, आणि प्रत्येकाला चित्राची छापील प्रत मिळणार.

पावसाळी_बेडूक
वर्गणी =)) पावती पुस्तक घेऊन रोबेस्पिएर दारोदार.
"काका, गेल्या वर्षी पंचवीस दिले होते तुम्ही"

जुनी_वही
हसा. जमलीच नाही ती वर्गणी पुरेशी. शेवटी सप्टेंबर १७९१ मध्ये सभेनं ठरवलं की खर्च सरकारी तिजोरीतून करू. तोवर दाविदनं पेनचं ड्रॉइंग सलोंमध्ये लावलेलं होतं, आणि माहितीपुस्तिकेत टीप टाकली होती की सभासदांचे चेहरे हुबेहूब काढण्याचा चित्रकाराचा हेतू नाही. म्हणजे कागदावर चेहऱ्यांचं बंधन नव्हतं. मोठ्या कॅनव्हासवर मात्र प्रत्येकजण ओळखू यायला हवा होता, आणि तिथेच सगळं फसलं.

रिमझिम, तुझी चार डोकी सांगते. मिराबो, बार्नाव्ह, द्युब्वा-क्रांसे आणि ब्रिटनीचा शेतकरी प्रतिनिधी जेरार, ज्याला सगळे 'पेर जेरार' म्हणायचे.

मिराबो एप्रिल १७९१ मध्ये वारला, राष्ट्रपुरुष म्हणून पाँतेऑँमध्ये, थोरांच्या समाधिस्थानात, ठेवला. नोव्हेंबर १७९२ ला राजवाड्यातल्या लोखंडी कपाटात कागद सापडले, हा राजाकडून पैसे घेत होता. १७९४ मध्ये त्याला पाँतेऑँमधून बाहेर काढला. बार्नाव्ह २९ नोव्हेंबर १७९३ ला गिलोटिनवर. सगळ्यांच्या मध्ये टेबलावर उभा असलेला बायी त्याच्या सतरा दिवस आधी. समोरच्या तिघांच्या मिठीतला प्रोटेस्टंट राबो सेंत-एतिएन डिसेंबरात. दोन्ही हात छातीवर दाबून उभा असलेला रोबेस्पिएर २८ जुलै १७९४.

आता चित्रकाराच्या जागी उभं राहून बघा. सप्टेंबर १७९२ पासून दाविद स्वतः कन्व्हेन्शनचा, म्हणजे नव्या राष्ट्रसभेचा, सभासद, राजाच्या मृत्यूच्या बाजूनं मत दिलेला, पुढे सुरक्षा समितीत बसून अटकेच्या हुकुमांवर सह्या करणारा. दिवसा ह्या समितीत बसायचं आणि स्टुडिओत त्याच माणसांची डोकी प्रेमानं रंगवायची? कुठलं रंगवायचं?

नववी_ब
बाप रे. लेकीला वाचून दाखवतोय, ती म्हणते "बाबा हे पुस्तकात का नाही?"

शंकासुर
वर्गणीचा मुद्दा तुम्ही स्वतःच लिहून सोडून दिलात ताई. पैसे संपले, दाविद इतर सतरा कामांत अडकला, काम बंद पडलं. बांधकाम असंच बंद पडतं. त्यात गिलोटिन घातलं की गोष्ट छान होते एवढंच. सरकारनं पैसे द्यायचं ठरवलं म्हणता, ठरवणं आणि देणं ह्यात फरक असतो, माझं स्वतःचं एक बिल एका खात्यात दोन वर्षं पडून आहे.

जुनी_वही
पैशाचा मुद्दा आहेच, नाही म्हणत नाही. पण पैसे नसल्यामुळे माणूस एक काम थांबवतो आणि पैसे आले की परत हातात घेतो. दाविदला पुढे नेपोलियनच्या काळात पैसा, मान, मोठाले कॅनव्हास सगळं मिळालं, राज्याभिषेकाचं चित्र तर जवळजवळ दहा मीटर रुंद. तिथे गर्दी केलीच ना त्यानं पूर्ण, कपड्यांसकट? टेनिस कोर्टकडे मात्र फिरकला नाही.

खडूफळा
माध्यमाच्या बाजूनं बोलतो, राजकारण मला कळत नाही. खडू फडक्यानं पुसता येतो. नाक चुकलं, पुसलं, माणूस नको झाला, पुसला, तिथे दुसरा उभा केला. तेलरंगाचं डोकं म्हणजे तुम्ही शब्द दिलात. काढायचं तर खरवडायचं. माझा अंदाज असा की दाविद खडूत होता तोपर्यंत निवांत होता. पहिलं डोकं रंगवलं आणि अडकला. शंकासुररावांना पटणार नाही.

शंकासुर
नाही पटलं, पण छान म्हणालात.

मोडी_घोडी
उशिरा आले. पेनच्या ड्रॉइंगवरून माझी जुनी तक्रार: हा लग्नातला ग्रुप फोटो आहे. बायी सभासदांसमोर बोलतोय ना? मग सभासदांकडे तोंड करेल की आपल्याकडे? दाविदनं त्याला आपल्याकडे वळवलाय आणि सभासदांना दोन बाजूंना फांदीसारखं पसरवलंय, वर भिंत मोकळी. पुढे ती तिघांची मिठी, कार्थुसियन साधू दाँ जेर्ल, पाद्री ग्रेग्वार आणि प्रोटेस्टंट राबो. दाँ जेर्ल तर त्या दिवशी हजरच नव्हता! सर्वधर्मसमभाव हवा म्हणून उभा केलाय, आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या शेवटच्या गाण्यासारखा.

रिमझिम_ल्यों
मोडीताई =)) आता मला ते तिघं तसेच दिसणार कायम.

पण बायी आपल्याकडे वळलाय ह्यावर मी परवापासून विचार करतेय. तो आपल्याकडे बघून शपथ वाचतो म्हणजे गर्दी चित्राच्या कडेला संपत नाही, ती आपल्या बाजूनं पुढे चालू राहते, आणि आपण त्यातच उभे असतो. चित्र सभागृहात लावायचं होतं ना, म्हणजे समोर पुढचे सभासद बसणार, बायी थेट त्यांच्याकडे बघणार. रोज. कामाला आलात ना, आम्ही काय म्हणालो होतो आठवतंय ना. फोटोत असं चालत नाही, फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात.

मोडी_घोडी
हम्म. हा विचार केला नव्हता. ग्रुप फोटो अर्धा मागे घेते. दाँ जेर्ल मागे घेत नाही.

जुनी_वही
वरच्या खिडक्यांकडे बघा कुणी तरी. सगळे खालच्या हातांकडे बघतात. वर वारा सुटलाय, पडदा फुगून आत आलाय, एक छत्री उलटी झालीय, लहान मुलं डोकावतायत, आणि खिडकीतून दिसतं की राजाच्या चॅपेलवर वीज पडतेय. आतले सगळे संगमरवरी पुतळ्यासारखे उभे आणि बाहेरचा पाऊस मात्र खराखुरा.

गॅलरीत पाठ करून काहीतरी लिहीत बसलेला एकजण म्हणजे मारा, असं म्हणतात. तोच, ज्याला रिमझिमच्या आईंनी टबात बघितला.

नववी_ब
पुस्तकातलं चित्र तीन इंचाचं आहे, छत्री दिसत नाही. व्हर्सायच्या साइटवरून मोठं उघडलं, लेक शोधतेय.

पावसाळी_बेडूक
ह्यात कुणी नाही म्हणणारा नव्हता का? पाचशे माणसं एकदम हात वर करतात म्हणजे सोसायटीच्या मीटिंगपेक्षा वेगळीच जात दिसते.

जुनी_वही
होता की! एकच. ५७७ पैकी ५७६ नी सही केली. उरलेला कास्तेलनोदारीचा मार्तां-दोश. म्हणाला, राजाची मंजुरी नसलेलं काही मी करायची शपथ घेणार नाही, मला ज्यांनी पाठवलं त्यांनी ह्यासाठी नाही पाठवलं. आरडाओरडा झाला, लोक अंगावर गेले. बायीनं मध्ये पडून त्याला बोलतं केलं. यादीत त्यानं नावापुढे 'विरोध' असं लिहिलं आणि ते खोडायचं नाही असं ठरलं, मत द्यायचं स्वातंत्र्य होतं ह्याचा पुरावा म्हणून.

दाविदनंही त्याला गाळला नाही. ड्रॉइंगमध्ये उजव्या कोपऱ्यात खाली बघा. सगळ्यांचे हात वर आणि ह्यानं दोन्ही हात छातीवर घट्ट आवळून घेतलेत, मान खाली, बसलाय.

पावसाळी_बेडूक
बघितला. च्यायला, अख्ख्या चित्रात तोच एक खरा वाटतो.

मोडी_घोडी
कारण बाकीच्यांना पोझ दिलीय आणि ह्याला नाही म्हणायचंय.

खडूफळा
नाही, त्यालाही पोझच आहे. फक्त ती आत ओढलेली आहे. पाचशे हात बाहेर फेकलेले असताना दोन हात आवळले की डोळा तिथे जातोच, हे दाविदला चांगलं ठाऊक होतं. ही युक्ती मी पोरांना शिकवायचो, सगळे बसकडे धावतायत तर एकाला बाकावर झोपवा. परीक्षकाला लक्षात राहतो.

तरी दाविदला सलाम. तो तेव्हा कट्टर जॅकोबिन होता, त्या माणसाची टिंगल करू शकला असता. केली नाही.

शंकासुर
टिंगल नाही पण कोपऱ्यात टाकलाच ना, दारापाशी.

असो. आता मला व्हर्सायला जाऊन ती जागा बघावीशी वाटायला लागलीय, हे ह्या धाग्याचं पाप.

जुनी_वही
नक्की जा शंकासुरा, राजवाड्यापासून चालत आहे, सें-लुई भागात. सोमवार टाळ, राजवाडा सोमवारी बंद असतो. टेनिस कोर्टची ती इमारत अजून उभी आहे, १८८३ पासून म्युझियम, नुकतीच २०२२ मध्ये दुरुस्त करून उघडली. आत एका भिंतीवर दाविदच्या ड्रॉइंगवरून लुक-ऑलिव्हिए मेर्सोंनं केलेली मोठी प्रतिकृती आहे. म्हणजे पेंटिंग झालं एकदाचं, शंभरेक वर्षांनी, दुसऱ्याच्या हातानं.

नववी_ब
लेकीला छत्री सापडली!! आणि ती विचारतेय त्या चार रंगवलेल्या डोक्यांपैकी सगळीच गेली का गिलोटिनवर?

जुनी_वही
नाही नाही, तिला सांग एकच गेलं, बार्नाव्हचं. मिराबो आजारानं आधीच गेलेला. द्युब्वा-क्रांसे १८१४ पर्यंत आणि शेतकरी जेरार १८१५ पर्यंत जगले, आपापल्या घरी म्हातारे होऊन.

रिमझिम_ल्यों
सगळ्यांचे आभार, खरंच. काल रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं, मार्तां-दोशपर्यंत. ती भाजी निवडत ऐकत होती. मग विचारते, "त्या नाही म्हणणाऱ्याचं काय झालं पुढे?" मी शोधून सांगितलं की १८०१ पर्यंत जगला, डोकं शाबूत. "आणि त्याला तरी कपडे दिलेत का?" म्हटलं हो आई, पेनच्या चित्रात आहेत, कोटबीट सगळं.

"मग ठीक" म्हणाली आणि सांगलीत पाऊस पडतोय का ते सांगायला लागली.